राणडोहावरची हाक

सरका, सरका शेकोटीजवळ. सुमन, पोराला पदरात घे, वारं नदीकडनं हाय. ज्याला भ्याव वाटतं त्यानं आत्ताच घर गाठा, मधनं उठायचं न्हाई. बसलात? मंग ऐका.

धाकलू आखाडे तुमाला म्हाईत हाय. वरच्या धनगरवाड्यावरचा. आता वाकलाय, काठी टेकत चालतो. पन तवा कसा व्हता! गोठ्यात वाघरू शिरलं तर हा नुसती काठी घेऊन दारात उभा राह्यला व्हता. भिणारा गडी न्हवं त्यो. हे ध्यानात ठेवा.

तर कार्तिकातली आवस जवळ आलेली. धाकलू बाजारात खवा घालून निघाला, तवर दिवस बुडाला. नाक्यावर येतोय तर वाड्यावरचा गडी धावत आला. "धाकलू, पळ! तुझ्या बायकूला, बायजाला इंचू डसलाय. लाल इंचू. आंग गार पडत चाललंय."

झालं. धाकलू पळत सुटला.

आता आपल्या वाड्यावर जायला वाटा दोन. एक सड्यावरनं, वरच्या उघड्या कातळावरनं, लांबची. दुसरी राणडोहाच्या काठानं, जवळची. धाकलूनं डोहाची वाट वरीसभर सोडलेली. दिवसा बी जायचा न्हाई. म्हसरू चुकून तिकडं गेलं तर दुसऱ्याला धाडायचा. का? ते सांगतो. ते सांगितल्याबिगर गोष्ट कळायची न्हाई.

आपली शेवती नदी डोंगरातनं उतरते, आन् पह्यल्यांदा जिथं थांबते, त्यो राणडोह. त्यात खडस मासा. मानसाच्या मांडीएवढा! आन् अंगावर कसा, तर तांब्याच्या हंड्यागत खवलं. खालच्या नदीत जेवढं मासं दिसत्यात ते समदं ह्या डोहात जलमत्यात. म्हनून आपल्या वाडवडलांनी नेम घालून दिला. डोहात तोटा टाकायचा न्हाई. तोटा म्हंजी सुरुंगाची नळी, खडी फोडायला वापरत्यात ती. पान्यात औषध कालवायचं न्हाई. आन् माशाच्या पोटात गाभोळी, म्हंजी अंडी, आसंल तवर जाळं सुकत घालायचं. कुनबी, धनगर, कातकरी, समद्यांनी भैरोबाच्या देवळात बसून हा नेम पाळायचं कबूल केलेलं.

पन खरं राखलं कातकऱ्यांनी. त्यांची वाडीच डोहाला लागून. आन् त्यांच्यात भिवा हिलम. बारीक चनीचा, सारखा खोकायचा, पन पानी वाचावं तर त्यानं! नुसता वास घिऊन सांगायचा, वर कुनी औषध टाकलंय का ते. रातच्याला ह्या काठाला भिवा, समोरच्या दरडीवर धाकलू, आशी राखन चालायची. मधी अंधार. झोप लागू नये म्हनून भिवा हाक द्यायचा, "जागा हायस का रं?" आन् हा वरडायचा, "जागा हाय!" वर्सानुवर्सं. भावाभावात नसंल आसं दोघांचं.

मंग खाली मोठ्या रस्त्याला हॉटेल झालं. पाव्हन्यांना ताटात नदीचा मोठा मासा पायजे. हॉटेलचा मुकादम कोन, तर शेडगे. भादव्यात येका राती डोहावर तोटा वाजला. डोंगर हालला! सकाळी बघत्यात तर डोह पांढरा. मासं उताणं, पोटं वर. गाभोळीचा नुसता खच. आन् काठाला भिवा. हात फाटलेला, छाती फाटलेली.

पोलीस आले. म्हनाले, तोटा ह्याच्याच हातात फुटला, म्हंजी हाच चोर. राखनदार म्हनवून घेत व्हता आन् मासं मारत व्हता.

दरडीवर धाकलू व्हता. त्याला इचारलं. त्यो खाली मान घालून म्हनाला, "मला झोप लागली व्हती. म्या काय न्हाई पाह्यलं."

बास. तेवढ्यावर समदं ठरलं. वरनं हुकूम आला, डोह राखीव झाला. तारंचं कुंपन, पाटी, शिक्का. आन् कातकरी मासं मारत्यात म्हनून त्यांची वाडी उठवली. नदी राखायची म्हनून नदी राखनारी मानसं हाकलली! हसताय काय? हसू नका. भिवाची बायकू सोनी, तिचं घर तिच्या डोळ्यांम्होरं मोडलं. रस्त्याकडंला खडीच्या खाणीवर नेऊन टाकलं त्यांना. तितं पानी बी टँकरचं. जी बाई नदीत जलमली ती हंडा घिऊन टँकरची वाट बघत बसायची.

तर आता धाकलू त्या वाटंवर हाय. बायजाचा जीव जातोय, मंग काय करील? शिरला.

पह्यल्यांदा काय नव्हतं. चांदन्या, रातकिडं, पायाखाली पाचोळा. मंग इडीचा वास आला. धाकलूनं नाक फिरवलं. आसंल कुनी. फुडं गेला. मंग खोकला आला. बारीक, दाबून खोकल्यावानी. धाकलूनं पाय उचलला. आन् डोहाच्या पल्याडनं हाक आली,

"जागा हायस का रं?"

आन् ह्याच्या तोंडातनं निघून गेलं, "जागा हाय!"

मेला! जीभ चावली त्यानं. रातची पह्यली हाक घ्यायची नसती हे बारक्या पोराला ठावं. पन इतक्या वर्सांची सवय, कुठं जाईल? वरडला तवाच त्याच्या ध्यानात आलं, आवाज कुनाचा ते.

पळाला. काट्याकुट्यातनं पळाला. नदी उजव्या हाताला ठेवून पळाला. वाटंत येक वाकडं उंबर लागतं, ते गेलं. बरं वाटलं. परत फुडं उंबर. तेच. आडवी फांदी तीच. परत पळाला. परत उंबर! चकवा लागला व्हता त्याला. आन् नदी कुठंबी गेलं तरी उजव्या हातालाच. डावीकडं वळला तरी उजव्या हाताला!

उंबराखाली येका खडकावर मानूस बसलेला. पाठमोरा. जाळं विणत.

"चुना हाय का रं?" त्यो मानूस म्हनाला.

धाकलूनं चुन्याची डबी काढून दिली. नको द्यायला, पन हातच फुडं गेला. त्या मानसानं मागं न बघता हात केला. चांदन्यांच्या उजेडात दिसलं, हाताला बोटं न्हवती. नुसता तळवा. त्यातनं पानी गळत व्हतं. थेंब, थेंब. गार! धाकलूच्या मनगटावर पडलं तर हाडापत्तुर गार गेलं.

"भैरोबा!" धाकलू वरडला. "भैरोबा, सोडीव मला!"

"त्याला कशाला बोलावतोस?" भिवा म्हनाला. "त्यो बी तवा हितंच व्हता."

आन् वळला. न्हाई, त्यो चेहरा मी सांगनार न्हाई. धाकलूनं मला सांगितला. मला पुरे हाय त्यो.

म्हनाला, "धाकलू, काय पाह्यलंस?"

धाकलू म्हनाला, "काय न्हाई."

पायात पानी आलं. वाटंवर! डोह पार खाली, वाट इतकी वर, आन् घोट्यापत्तुर पानी.

"काय पाह्यलंस?"

"झोप लागली व्हती रं. देवाशपथ!"

गुडघ्यापत्तुर आलं. आन् पान्यात मासं. खडस. समदं मेलेलं, उताणं, पांढरी पोटं वर. वाटंवर, झाडात, जिकडं बघावं तिकडं. पोटं फुटलेली, गाभोळी बाहीर. त्याच्या मांड्यांना घासून जायाला लागलं.

"काय पाह्यलंस?"

"मला पोरं हायत भिवा! मला जगायचं हाय!"

"मला बी व्हती."

कमरंपत्तुर. छातीपत्तुर. आन् बोटं नसलेल्या हातानं त्याची मान धरली. मेलेल्या माशांनी डोळं उघडलं. तोंडं उघडमिट करायला लागली. पान्याबाहीर काढल्यावर करत्यात ना, तशी. समद्या डोहाचं तोंड उघडतंय, मिटतंय. आन् येकच, काय पाह्यलंस? काय पाह्यलंस?

पानी हनुवटीला लागलं. व्हटाला लागलं. तवा धाकलू बोलला. वरडून बोलला, नाकातोंडात पानी जात आसताना बोलला.

"शेडग्याला पाह्यला! शेडगे आन् त्याची दोन मानसं! त्यानं तोटा पेटवला. तू पान्यात उतरून आडवा झालास. त्याचा हात धरलास. म्हनालास, मुकादम, पोटात गाभोळी हाय, आता नका मारू, पाया पडतो. त्यानं तोटा तुझ्या हातात दाबला आन् मूठ आवळून धरली! मंग ढकलला तुला. म्या समदं पाह्यलं. म्या जागा व्हतो! सकाळच्याला शेडगे दारात आला. म्हनाला, बोललास तर तुझा बी आसाच तोटा. आन् गप बसलास तर पोराला हॉटेलवर कामाला घेतो. म्या गप बसलो. भिवा, म्या गप बसलो रं!"

पानी गेलं.

आसं, चुटकीसरशी. मासं न्हाईत, भिवा न्हाई, काय न्हाई. धाकलू वाटंवर पालथा पडलेला. वाट कोरडी ठनठनीत, पाचोळा सुद्दा वाळलेला. आन् हा गळ्यापत्तुर चिंब! तसाच रांगत, पळत वाड्यावर आला. बायजा शुद्धीवर आलेली. खालच्या गावच्या डॉक्टरनं सुई टोचली व्हती. ती वाचली. ह्यो तापानं फनफनला.

तुमाला वाटंल, मंग बरं झालं. ऐका ना फुडं.

ताप उतरल्यावर धाकलू खाणीवर गेला. सोनी खडी फोडत व्हती. डोक्यावर फडकं, अंगावर पांढरी धूळ. हा तिच्या फुडं बसला आन् समदं बोलला. तिचा हातोडा काय थांबला न्हाई. बोलून झालं, तवा तिनं वर बघितलं.

म्हनाली, "वरीस झालं, दादा. माझ्या पोरांना शाळंत चोराची पोरं म्हनत्यात. तवा बोलला आसतास तर आमी नदीवर आसतो."

"चूक झाली, सोनी."

"पोरगा हाय का अजून हॉटेलवर?"

"काढून आणला त्याला."

"शेडग्यानं काढायच्या आधी, का नंतर?"

खरं तर धाकलूनं त्याला काढून आणलाच न्हवता. शेडगे तवर काम सोडून दुसरीकडं गेला व्हता आन् नव्या मुकादमानं पोराला घरी धाडलं व्हतं.

दोघं मिळून ठाण्यात गेले. साहेबानं ऐकलं. म्हनाला, "वर्षभर कुठे होतास? आणि आता कोणी सांगितलं बोलायला? भुतानं? भुताचा जबाब कसा लिहू मी?" शिपाई हसले. सोनी हसली न्हाई. ती म्हनाली, "साहेब, भुताचा नगं, ह्याचा लिवा. ह्यो जित्ता हाय." लिहिला म्हनं. फुडं काय झालं कुनाला ठावं न्हाई.

पन येक झालं. धाकलू भैरोबाच्या देवळात उभा राह्यला आन् समद्या गावांम्होरं बोलला. रडत बोलला. मानसांना लाज वाटली. राखन परत सुरू झाली. कुनबी जातो, धनगर जातो, आता बायाबी जात्यात. हॉटेलची गाडी येकदा आली, तर बाया वाटंत आडव्या झोपल्या. गाडी माघारी गेली. दोन-चार पावसाळं सरलं आन् डोहात बोटाएवढं खडस दिसाया लागलं. आता तर हातभर झालेत.

मासं आलं परत. मानसं न्हाई आली. कातकऱ्यांनी अर्ज केलं, आपन केलं, समद्या वाड्यांनी मिळून केलं. उत्तर येतं, डोह राखीव हाय, मानसाला बंदी. पाव्हनं मात्र तिकीट काढून बघाया येत्यात.

काय गं सुमन? सोनीचं काय झालं म्हनतीस?

सोनीला कळलं ना, भिवा डोहावर दिसतो म्हनून. खाणीवरनं येकटी चालत आली. कुंपनाखालनं सरपटत आत गेली. भिवाला आवडायचा तसा तांदळाचा भात आन् सुकट केळीच्या पानावर मांडली, आन् खडकावर बसून राह्यली. हाका मारल्या तिनं. दरडीवर राखनीची मानसं व्हती, त्यांनी ऐकल्या. "या ना वो," म्हनायची. "म्या भिनार न्हाई. कसं बी आसाल तसं या."

पानी हाललं न्हाई. खोकला न्हाई, इडीचा वास न्हाई.

उजाडल्यावर तिनं पान नदीत सोडलं आन् वाटंला लागली. राखनदारानं इचारलं, "आला का गं?"

म्हनाली, "ज्यांनी खऱ्याचा गळा दाबला त्यांना दिसतो. माझ्यापाशी कशाला येईल?" आन् खाणीवर गेली. मजुरीचा दिवस भरायचा व्हता.

चला, उठा. निखारे झाका. आन् घरी जाताना सड्यावरनं जा, लांब पडलं तरी. काय बगून गप बसला आसाल, तर डोहाच्या वाटंनं अंधारात पाय टाकू नका. त्यो इचारतो.