हलकंफुलकं भाषण

साहेब : पण मॅडम, लोक हसले पाहिजेत. त्यासाठीच तर तुम्हाला बोलावलंय.

लेखिका : मी वाढदिवसाची, निरोप समारंभाची विनोदी भाषणं लिहिते, साहेब. कारखान्यातला पॅकिंग विभाग बंद होतोय, हे हसत हसत कसं सांगायचं?

साहेब : हलकंफुलकं करून. म्हणजे कुणी मनाला लावून घेणार नाही.

लेखिका : मग स्वतःवरच विनोद करा. लोकांना आवडतं ते. तुमचं टक्कल...

साहेब : टक्कल नको.

लेखिका : नवी गाडी?

साहेब : तिच्यात हसण्यासारखं काय आहे?

लेखिका : बरं, अतिशयोक्ती? ‘कंपनी इतकी तोट्यात आहे, की...’

साहेब : तोटा कुठला? यंदा चांगला नफा झालाय.

लेखिका : मग विभाग बंद का करताय?

साहेब : मशीन आलंय. तुम्ही विनोदाचं बोला हो. ते सेटअप आणि पंच म्हणजे काय?

लेखिका : सेटअपमध्ये ऐकणाऱ्याचा विश्वास बसू द्यायचा. पंचमध्ये त्याला भलतीकडेच नेऊन आपटायचं.

साहेब : हात्तिच्या! मग सेटअप तयारच आहे की. दर सभेत मी सांगतो, आपण सगळे एक कुटुंब आहोत!

लेखिका : ...हो. झालाच की तो.

साहेब : पंचही सुचला. थांबा, पॅकिंगच्या मुख्य बाई रजेच्या सहीसाठी बाहेर बसल्यात, त्यांनाच ऐकवू. या बाई, या!

लेखिका : साहेब, त्यांना नका...

बाई : बोलावलंत, साहेब?

साहेब : ऐका. आपण एक कुटुंब आहोत ना? आता कुटुंब वाढलं, घर लहान पडतंय. तेव्हा थोरल्या मंडळींनी... (थांबून) ...आता वेगळी चूल मांडावी!

बाई : हा हा! मस्त, साहेब!

साहेब : बघा मॅडम, हसल्या!

लेखिका : तुमच्या विनोदाला हसणं त्यांच्या नोकरीतच येतं.

बाई : पण साहेब, थोरली मंडळी म्हणजे कोण?

साहेब : अहो, विनोद आहे तो.

बाई : नाही, पॅकिंगमध्ये सगळ्या जुन्याच बायका आहेत, म्हणून विचारलं.

साहेब : विनोद समजावून सांगितला की मरतो, बाई.

लेखिका : मरू दे. सांगा त्यांना.

साहेब : उद्या सभेत सगळ्यांना एकदमच कळेल.

बाई : असं होय... मग मघाशी मी हसले, ते धरू नका, साहेब.