डाव्या पंखाखालचं भोक

नाव वर लिहून घेतले आहे. वय ५४ वर्षे, धंदा मोटारींचे डेंटिंग-पेंटिंग, राहणार बाजारामागची गल्ली. समक्ष हजर होऊन सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही, मी माझ्या पायांनी आलो आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, यांनी घराच्या गॅरेजमध्ये अकरा वर्षे खपून दोन माणसांचे विमान बनवले. लोक त्यांना वेड्यात काढत. मीही काढले. ते उडाले तेव्हा सगळ्यांची तोंडे बंद झाली. रंगाचे काम त्यांनी मला दिले. मी म्हणालो, "दाजी, असं गुळगुळीत करतो की माशी बसली तर घसरेल."

रंगाआधी घासणे, लांबी म्हणजे पुट्टी भरणे, पुन्हा घासणे, मग प्रायमर, असे काम असते. विमानाला काही बारीक भोके असतात, ती बुजवायची नसतात. अशा सात भोकांत दाजींनी स्वतः एकेक आगकाडी खोचली होती. "काडी दिसली की हात आवर," असे मला दोनदा बजावले होते.

डाव्या पंखाखालची काडी घासताना आड येत होती. मी ती उपटली. जेवून आलो आणि तीस वर्षांच्या सवयीने हात चालत गेला. मोटारीवर भोक दिसले की आम्ही भरतो, विचारत बसत नाही. लांबी भरली, घासली, प्रायमर मारला. ओळखूही येईना.

रंगाचा शेवटचा हात देण्याआधी एकदा उडवून बघतो, असे दाजी म्हणाले. मैदानावर मी काड्या काढल्या. हातात सहा आल्या. दाजींनी विचारले, "सातही निघाल्या ना रे?" मी हो म्हणालो. एखादी धुळीत पडली असेल असे धरून चाललो. ते सवयीप्रमाणे पंखाखाली वाकायला लागले तेव्हा मीच म्हणालो, "काय दाजी, मेव्हण्याच्या हातावर भरवसा नाही होय?" ते हसले आणि तसेच आत जाऊन बसले. हे आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही.

ते भोक पेट्रोलच्या टाकीत हवा जाण्याचे होते. हवा गेली नाही तर इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. विमान कुंपणापलीकडे गेले आणि आवाज थांबला. दाजींच्या दोन्ही मांड्या मोडल्या. कण्याबद्दल डॉक्टर अजून काही बोलत नाहीत.

काल दाजींनी दवाखान्यातून जबाब दिला की, भोक त्यांनी स्वतःच चुकून बुजवले. ते साफ खोटे आहे. चूक त्यांची ठरली तर विमान उडवण्याचा परवाना कायमचा जाईल, हे त्यांना पक्के माहीत आहे. मी जाऊन भांडलो. म्हणाले, "तुझ्या हाताला लोक काम देतात, ते राहू दे. मला आता कुठं उडायचंय?" अकरा वर्षे त्या एका गोष्टीसाठी जगलेला माणूस हे बोलतो. मला स्वतःची शिसारी आली. तिथेच रडलो, तेही लिहा.

गुन्हा माझ्यावर दाखल होईल, असे हवालदारसाहेबांनी समजावले. होऊ दे.

बहीण त्या दिवसापासून नवऱ्यालाच बोल लावते आहे, "स्वतःच्या हातानं पाय मोडून घेतलेत." ती आत्ता बाहेर बाकावर बसली आहे. मी दाजींची बाजू मांडायला आलो, एवढेच तिला ठाऊक आहे.

लिहिलेले मला वाचून दाखवले, मी सांगितले तसेच आहे, म्हणून सही करतो. आता तिला आत बोलावून तिलाही वाचून दाखवावे. माझ्या तोंडून ते निघत नाही.