मूळव्याध, आत या!

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे औषधाच्या दुकानाचे काका, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मावशी, आणि समोर बसलेल्या तमाम सर्दी, सांधे, साखर आणि दम्यांनो!

हसता काय? दवाखान्याच्या खिडकीतून मावशींनी आपल्याला याच नावांनी तर हाका मारल्या. "मूळव्याध, आत या!" ऐकू आलं की मी उठायचो. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हासुद्धा माझा एवढा गाजावाजा झाला नव्हता.

मावशींची माया खोटी नव्हती. रडणारं पोर दिसलं की त्या खिडकी सोडून धावायच्या. पण मी भांडायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "अरे बाळा, इथं सगळी आपलीच माणसं. आपल्यात कसली आलीय लपवाछपवी?"

आपलीच माणसं! त्यातल्या एकीच्या... एकाच्या... एका व्यक्तीच्या आजाराची हाक बाकावरच्या आपल्याच माणसाने ऐकली, आणि लग्न जिथं ठरलं होतं त्या घरी तातडीने पोचवली. लग्न मोडलं. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता... ते असो. पण तेव्हापासून ती दवाखान्याची पायरी चढलेली नाही. ती म्हणजे व्यक्ती. शब्दच स्त्रीलिंगी, त्याला मी काय करू? औषध बंद आहे तिचं, आणि जीव माझा थाऱ्यावर नाही.

आजार कोणता? बघा, अख्खं सभागृह पुढे सरकलं! काका, जपून, खुर्चीतून पडाल. नाही सांगणार. माझी मूळव्याध मी माझ्या तोंडाने सांगितली, ती माझी. दुसऱ्याची सांगणारा मी कोण?

काय म्हणालात, मावशी? "लग्न मोडल्याचं मला कुणी सांगितलंच नाही रे!" अहो, तुम्हाला सांगायचं म्हणजे सगळ्या बाकांना सांगायचं!

उद्यापासून त्या खिडकीत मी बसतोय. डॉक्टरसाहेबांनी शिक्षण विचारलं. म्हटलं, अर्धवट, पण तोंड पूर्ण बंद ठेवीन. या भाषणानंतर ते पस्तावले असतील. तरी सांगतो, मी फक्त "पुढचे या" म्हणेन. आजार डॉक्टरांच्या दाराआड. त्या व्यक्तीने निर्धास्त यावं. मी मानही वर करणार नाही.

बरं, एकदाच करीन.

मावशी, तुमच्या मायेचे मनापासून आभार. माझ्या तिखट जिभेने काही कमीजास्त बोललो असेन, तर पोटात घाला. आणि हात जोडून सांगतो, मावशी, या खेपेला तरी पोटातच राहू द्या!