पाणी निवळल्यावर

धम्मदीप : दारातून बाजूला व्हा, बाबा.

दादाराव : हॉकी स्टिक घेऊन कुठे निघालास, ते आधी सांग.

धम्मदीप : गुरुग्रामला. त्या कंपनीच्या डायरेक्टरचा टॉवर, फ्लॅट नंबर, सगळं काढलंय मी. कॅब येतेय, सात मिनिटं.

लुंबिनी : आणि गेटवरून आत कोण सोडणार, दादा? गार्ड फोन करेल वर, ‘सर, एक हॉकीवाले आये हैं, भेज दूँ?’

धम्मदीप : जोक मारू नकोस यार. हात मोडलाय तुझा, डोक्याला अकरा टाके आहेत. तो माणूस इथे एसीत बसून तिकडे तुमच्या खाडीत गुंड पाठवतो, आणि आपण लक्ष्मीबाई नगरात बसून काय करायचं? चहा प्यायचा?

दादाराव : उद्या तिच्या तक्रारीची सुनावणी आहे, धम्मा. कमिटीसमोर ती बोलेल. तू असं काही केलंस तर... म्हणजे माझं चुकतही असेल, पण उलट तिच्यावरच येईल सगळं.

धम्मदीप : काय ऐकणार कमिटी? त्यांच्या वकिलाने लेखी दिलंय. शिंपल्यांचे दोर वादळात तुटले, बायका आपसात भांडल्या. आणि कंपनीने या मॅडमचं नावही कधी ऐकलं नव्हतं. नावही!

लुंबिनी : ऐकलं होतं. नावानेच हाक मारली त्या गुंडांनी.

दादाराव : हे तू बोलली नव्हतीस.

लुंबिनी : तुम्ही विचारलंत कुठे? चार दिवस झाले मला येऊन. गोळी घेतलीस का, एवढंच विचारताय.

दादाराव : धीर होत नव्हता, बाळा.

लुंबिनी : मग आता ऐका. सकाळची ओहोटी होती. आम्ही चौघी होडीत होतो, दोरांवरचे शिंपले तपासत. दोन होड्या आल्या. त्यांनी आधी कोयत्याने दोर कापले. दोन वर्षांत वाढलेले शिंपले, घोसच्या घोस, गेले चिखलात. शेवाळाचे तराफे पेटवले. कल्पनाताई ओरडली, तर वल्हं तिच्या तोंडावर मारलं. दोन दात होडीतच पडले.

धम्मदीप : बस कर, लुंबी.

लुंबिनी : तू मारायला निघालायस ना? मग पूर्ण ऐक. माझा हात होडीच्या काठावर ठेवला आणि वरून नांगर हाणला. मग एकाने केस धरले. म्हणाला, ‘लुंबिनी मॅडम, तुमचा एक शिंपला दिवसाला पंचवीस लिटर पाणी गाळतो ना? तुम्ही किती गाळता बघू.’ आणि डोकं पाण्यात दाबलं.

दादाराव : लुंबिनी...

लुंबिनी : तीनदा. वर काढायचा, एक वाक्य बोलायचा, परत दाबायचा. ‘याला खाद्य लागत नाही, खत लागत नाही.’ आत. ‘शेतातून वाहून आलेलं खत शेवाळ पिऊन टाकतं.’ आत. हसत होता. पाठ करून आला होता बहुतेक.

धम्मदीप : एक मिनिट. शिंपले पाणी साफ करतात, शेवाळ खत पितं, ठीक आहे. कंपनीचं त्यात काय जातं? त्यांनी तर खूश व्हायला पाहिजे.

लुंबिनी : पाणी साफ झालं, तेच त्यांना नडलं. आधी खाडी चहासारखी होती, बुडवलेलं वल्हंसुद्धा दिसायचं नाही. आम्ही चारशे दोर सोडले, मधे शेवाळ लावलं. वर्षभरात खेकडे परत आले. तराफ्यांच्या सावलीला माशांची पिल्लं यायला लागली. बायका मला बोलवून बोलवून दाखवायच्या. आणि मग एक दिवस ओहोटीला कल्पनाताई वाकून म्हणाली, ‘बाय, खाली ता काय गो?’ पाइप होता. कंपनीच्या कारखान्याचं घाण पाणी सोडणारा, खडकाखालून आणलेला. इतकी वर्षं गढूळ पाण्यात कुणाला दिसलाच नव्हता.

धम्मदीप : ओह.

लुंबिनी : त्या दिवसापासून आम्ही एक शिंपला विकला नाही. शिंपले जे गिळतात ते त्यांच्या मांसात राहतं. लोकांना विष कसं विकायचं? बायकांनी स्वतःच्या पोटावर पाय आणला, आणि मी तक्रार लिहिली.

धम्मदीप : आणि त्या गुंडाला ती वाक्यं कुठून मिळाली?

लुंबिनी : त्याचाच मी चार दिवस विचार करतेय. ती वाक्यं मी एकाच कागदावर लिहिली होती. तक्रारीत. वर ठळक लिहिलं होतं, नाव गुप्त ठेवावे.

धम्मदीप : म्हणजे तक्रार लीक झाली. बिल्कुल. मग डायरेक्टर नंतर, आधी हा माणूस. ज्याने कागद दिला त्याचे हात तोडतो. बाबा, प्रदूषणाच्या तक्रारी तुमच्याच ऑफिसला येतात, हीपण तिथेच आली होती ना? कोण होता तो? नाव सांगा फक्त.

दादाराव : खाली बस, धम्मा.

धम्मदीप : नाव सांगा!

दादाराव : मी.

धम्मदीप : काय मी?

दादाराव : मी पाठवली. तक्रार आली की ज्याच्याविरुद्ध असते त्याला प्रत जाते, टिप्पणीसाठी. पद्धत आहे तशी. नाव झाकून पाठवतात. मी नाही झाकलं.

(धम्मदीपची हॉकी स्टिक पुस्तकांच्या कपाटावर बसते. काच दादारावांच्या पायाशी येऊन पडते. ते हलत नाहीत.)

लुंबिनी : का, बाबा?

दादाराव : तुझं आडनाव, माझं आडनाव. सेक्शनमध्ये सगळ्यांना माहीत. फाइल मी दुसऱ्याकडे द्यायला हवी होती, पण साहेबांसमोर जाऊन बोलायचं म्हणजे... आणि नाव झाकलं असतं तर म्हणाले असते, पोरीला सांभाळून घेतलं. चौतीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं माझ्याकडे. मला वाटलं, नियमाने जाणारा कागद आहे, कागदाने काय होतंय.

लुंबिनी : वाचली होती तुम्ही?

दादाराव : तीनदा. तो पंचवीस लिटरचा परिच्छेद फार छान लिहिला होतास. मनात म्हटलं, हे आपल्याला नसतं जमलं.

धम्मदीप : छान लिहिला होता? छान? हात पुढे करा.

लुंबिनी : दादा!

धम्मदीप : मी शब्द दिलाय. करा पुढे!

दादाराव : घे. उजवा. याच हाताने सही केली.

लुंबिनी : दादा, स्टिक खाली ठेव.

धम्मदीप : तू यांची बाजू घेतेस? यांची?

लुंबिनी : नाही घेत. मला आत्ता त्यांच्याकडे बघवतसुद्धा नाहीये. पण तो हात मला उद्या हवाय.

धम्मदीप : कशाला?

लुंबिनी : माझा मोडलाय म्हणून. बाबा, तुमच्या त्या पत्राला जावक क्रमांक असेल?

दादाराव : असतोच. कंपनीची पोचही आली होती, शिक्क्यासकट. तुमच्यावर हल्ला झाला त्याच्या नऊ दिवस आधी.

धम्मदीप : म्हणजे नाव ऐकलंच नव्हतं, हे...

लुंबिनी : खोटं. आणि ते सिद्ध करणारा एकच माणूस आहे.

दादाराव : चौकशी लागेल माझ्यावर. रिटायरमेंटला चार महिने राहिलेत. पेन्शन अडकवतील. ऑफिसात लोक...

लुंबिनी : हो. लागेल.

दादाराव : मला चार लोकांत उभं राहून बोलता येत नाही, तुला माहितेय.

लुंबिनी : माहितेय. कल्पनाताईलाही नाही येत बोलता. दात गेलेत. तरी ती उद्या येतेय, जनरल डब्यात बसून.

धम्मदीप : फोन वाजतोय माझा... हां भैया. नहीं, कैंसल कर दो. अरे नहीं, कहीं नहीं जाना.

दादाराव : धम्मा, त्या काचा जरा बाजूला कर. तिच्या पायात जातील.

धम्मदीप : तुमच्या पायातून रक्त येतंय, बाबा.

दादाराव : येऊ दे. टेबलावरचे कोरे कागद दे मला.

लुंबिनी : क्रमांक, तारीख आठवते? की उद्या आधी ऑफिसला जायचं?

दादाराव : तोंडपाठ आहे. पोच कुठल्या फाइलला लावली, तेही लिहितो. मागवू देत.

लुंबिनी : लिहा मग.

दादाराव : ...झालं. एकदा वाचशील? भाषा बरोबर आहे का बघ.

लुंबिनी : बरोबर आहे. फक्त खाली नुसता हुद्दा लिहिलाय.

दादाराव : सवय. आम्ही नाव लिहीत नाही कधी.

लुंबिनी : बाबा, याची प्रत त्यांच्या वकिलालाही जाईल. टिप्पणीसाठी. नाव झाकायला सांगू का?

दादाराव : नको. दे इकडे, पूर्ण लिहितो.