मेराबच्या नावाचा प्याला

—नाही नाही, ती बिअर पिशवीतच राहू दे. बिअर उंचावून आपण शत्रूचं भलं चिंततो, एवढंही ठाऊक नाही? राजधानीतला दिसतोस, तिब्लिसीचा. घे, ही घरची वाईन आहे, माझ्याच वेलींची. बस त्या बाकावर. गाडी काय, होईल दुरुस्त. गोगिया ईस्टरला प्यालेलाच असतो, पण प्याल्यावरच त्याचे हात नीट चालतात. आणि ईस्टरला कबरीपाशी आलेला माणूस न खाता गेला तर गाव काय म्हणेल? एतेरीनं पाहुणा उपाशी घालवला! धर हे अंडं, टोकानं लढव — ख्रिस्त उठला आहे! — अरे, नुसती मान काय हलवतोस? खरोखर उठला आहे, असं म्हणायचं — हं. फुटलं तुझं! आता खा. सकाळपासून मी इथंच आहे. सगळे प्याले झाले — देवाचा, शांततेचा, आईबापांचा, गोगियाच्या गाढवाचासुद्धा. एकच अडलाय. या माझ्या मुलाचा.

हा मेराब. दगडावर कोरलाय तो. कोरणाऱ्यानं नाक बापाचं लावलंय — एवढं मोठं नव्हतं रे, माझ्यावर होतं, हे बघ. वालिको, माझा नवरा, तो या पलीकडच्या कबरीत — खूश झाला असेल नाक बघून. वीस वर्षांचा होता मेराब, सुखुमी शहर शत्रूच्या हाती पडलं तेव्हा; तिथंच लढत होता. तुझं वय काय? — एक्कावन्न? हं. त्याच्याच बरोबरीचा. मासा घे, काटे सांभाळ.

मेला असं कुणी म्हणालं नाही ना! सापडत नाही म्हणाले. सापडत नाही म्हणजे काय? माझा चष्माही सापडत नाही, म्हणून तो मेला का? गावात लग्न असो, बारसं असो, प्याला उचलून बोलायचा मान वालिकोचा. देशासाठी मेलेल्यांचा प्याला आला की सगळे उभे, पुरुषांचे डोळे भरलेले — आणि मी बसून कोंबडीची तंगडी खातेय! नणंद चिमटा काढायची, वहिनी, ऊठ गं, लोक बघतायत. बघू देत, म्हटलं, हा मेलेल्यांचा प्याला आहे, आमच्या घरात कुणी मेलेलं नाही. मग वालिको काय करायचा — लगेच पुढचा प्याला घ्यायचा, घरापासून लांब, वाटेवर असलेल्यांचा. त्याला मी उठायचे, काठोकाठ भरून! गावातलं कुणी लांब गेलेलं नसलं तरी तो प्याला व्हायचाच. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

देवळातही तेच. फादर झोसिमे विचारायचे, मावशी, प्रार्थनेत मेराबचं नाव जिवंतांत घेऊ की मृतांत? जिवंतांत! एकदा मला समजवायला लागले — पोरगेलेसे आहेत, दाढी अजून नीट भरलेली नाही — म्हणे, देवाला सगळेच जिवंत, कुठंही घेतलं तरी पोचतं. म्हटलं, मग जिवंतांतच घ्या की, तुमचं काय जातं? हसले बिचारे. घेत राहिले.

आणि गेल्या शरदात आला मेराब. तिकडच्या एका खड्ड्यात सापडला, माझ्या रक्ताशी जुळवून बघितलं, तोच निघाला. वालिको तोवर गेला होता. हाडं तेवढी उरलेली, पेटी मात्र पुऱ्या माणसाची. सहा शिपाई आले, जोर लावून उचलली — आणि पेटी एकदम वर! इतकी हलकी. पोरं गोंधळली, एकमेकांकडे बघायला लागली. मग मुद्दाम हळू चालली, जड असल्यासारखी, पार इथपर्यंत. चांगल्या आयांची पोरं. तिब्लिसीहून कुणी मोठा माणूस आला होता, स्वातंत्र्याची किंमत म्हणाला. खोटं नाही बोलला. आपल्या भाषेत प्रार्थना करायची, आपल्या वेलींची वाईन प्यायची, हे फुकट मिळतं का? मला सगळं पटलं. फक्त तो बोलत होता आणि मी त्या पोरांचे पाय बघत होते.

तर तो प्याला. हा त्याचा इथला पहिला ईस्टर, घ्यायला हवा. पण याला मेलेल्यांत घेतला की वाटेवर कोण उरलं? सांग ना. कुणीच नाही. तीस वर्षं मी त्या वाटेवर... जाऊ दे. पनीरची पोळी घे, गार होतेय.

आज पहाटे देवळात फादरनी काय केलं माहीत आहे?  नुसतं गाणं म्हटलं, दरवर्षीचंच, मरणानं मरण तुडवून ख्रिस्त उठला — आणि मी ऐकता ऐकता म्हटलं, अगं एतेरी, मेल्यावाचून उठलंय का कुणी? देवाचा मुलगासुद्धा आधी मेला. आणि तू आपल्या पोराला मरूच देत नाहीस, मग देव त्याला उठवणार कसा?

माझ्या वतीनं बोलशील तू? — नको, तू नको. नाव अडखळशील. ऊठ. ऊठ रे, हा बसून घ्यायचा नसतो. मला हात दे जरा, गुडघे — हं. सोड आता, राहते मी उभी.

देशासाठी मेलेल्या सगळ्यांच्या नावानं. आणि मेराब — वालिकोचा, माझा — त्यांच्यात.

आता काही बोलू नकोस. पी.