लिंबाची शेवटची वडी आणि आर्डिसबाई

सभाध्यक्ष पास्टर टॉर्विकसाहेब, व्यासपीठावर, म्हणजे चर्चच्या या तळघरात एरवी रविवारची शाळा भरते त्या फळ्यांवर, विराजमान झालेल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा व्हर्ना ब्राटनबाई, नगराध्यक्ष पामर लीनसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या नॉर्डाल गावच्या कादंबरीकार आर्डिस क्वामेबाई, आणि पुढच्या दोन रांगा प्रथेप्रमाणे रिकाम्या ठेवून मागे दाटीवाटीने बसलेल्या बंधुभगिनींनो,

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी मला एक गंभीर तक्रार सभेपुढे ठेवायची आहे. ती लिंबाच्या वडीविषयी आहे. जेवणं झाली तेव्हा ताटात एकच वडी उरली होती. शेवटची वडी उचलण्याइतका निर्लज्ज माणूस या गावात जन्मला नाही, हे आपणा सर्वांना भूषणावह आहे. म्हणून कोणीतरी तिचे दोन भाग करून एक नेला. पुढच्याने उरलेल्याचे दोन केले. मी आत्ताच पाहून आलो. जे उरलं आहे त्याला वडी म्हणायला अणुवादी तत्त्वज्ञाचं धैर्य लागेल. पण ताट धुवायला नेता येत नाही, कारण शेवटची वडी अजून त्यात आहे. भगिनींनो, हे कुठवर चालणार?

आता आर्डिसबाईंविषयी. बाई इथून उत्तरेला, तळ्यापलीकडच्या गाईगुरांच्या मळ्यावर वाढल्या. एका खोलीच्या शाळेत शिकवत होत्या, म्हणून आपण आजही त्यांना बाई म्हणतो. पाव फुगायला ठेवला की तो फुगेपर्यंतच्या वेळात त्या लिहीत. 'बर्फाखालची विहीर' ही पहिली कादंबरी अशीच झाली. न्यूयॉर्कच्या टीकाकारांनी तिच्यावर विशेषणांची वृष्टी केली. नॉर्डालचा अभिप्राय आपल्या व्हर्नाबाईंचे दिवंगत यजमान एमिल ब्राटन यांनी दूधसंघाच्या दारात दिला. "वाचली, बाई. वाईट नाहीये." बाई मला सांगत, त्या रात्री त्यांना आनंदाने झोप आली नाही.

'डाव्या बाजूचा बाक' आली तेव्हा मात्र गाव बिथरलं. त्यातला तो चिक्कू, शेजाऱ्याच्या सरपणावर डोळा ठेवणारा गृहस्थ कोण? प्रत्येकाने आपला शेजारी ओळखला. स्वतःला कोणीच ओळखलं नाही. एमिल तेवढे रागावून बाईंकडे गेले. "पुस्तकात सगळं गाव आहे, मी का नाही?" बाईंनी त्यांना कॉफी दिली आणि विषय बदलला. व्हर्नाबाई, तुम्ही हसता आहात, म्हणजे सरपणावर डोळा कोणाचा होता ते तुम्हाला ठाऊक आहे.

माझा धंदाही लिहिण्याचाच. रविवारी कोण कोणाकडे जेवायला गेलं, हे मी आपल्या साप्ताहिकात छापतो. ते जेवण प्रत्यक्षात कसं झालं, हे बाई कादंबरीत लिहितात. त्यामुळे लोक माझ्याशी मोकळेपणाने बोलतात आणि बाईंसमोर जपून. तरी बाईंना सगळं कळतं आणि मला काहीच कळत नाही, हा अन्याय मी गेली वीस वर्षं सोसतो आहे.

काय म्हणालात, बाई? कॉफी गार होते आहे? होऊ द्या. आज तुमच्याविषयी बोलायचं आहे, तुम्हाला विचारून नव्हे.

पहिल्या पुस्तकानंतर न्यूयॉर्कहून प्रकाशक आले होते. ऐन फेब्रुवारीत, पातळ तळाचे बूट घालून. बाईंच्या स्वयंपाकघरात बसले. बाईंनी कॉफी विचारली. ते नको म्हणाले. बाईंनी पुन्हा विचारली, ते पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदाही नको म्हणाले, आणि त्यांना खरोखरच नको होती. असा माणूस बाई आयुष्यात प्रथमच पाहत होत्या. मग पाहुण्यांनी प्रस्ताव मांडला. न्यूयॉर्कला या, राहायला जागा देतो, मासिकात काम देतो, लिहायला सकाळ मोकळी.

बाई म्हणाल्या, "छे, माझं काय काम तिथे?"

आता सांगा, आपल्यापैकी कोणीही याचा अर्थ काय घेतला असता? गृहस्थाने टोपी घातली, म्हणाला, "जशी आपली इच्छा," आणि गाडी पकडायला गेला.

पुढे कधीतरी मी बाईंना विचारलं, "वाईट वाटलं का हो?"

"माणूस सज्जन होता," बाई म्हणाल्या. "पण एकदा विचारलं आणि माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला. असं कोणी करतं का? दोनदा तरी आणखी विचारायचं. तिसऱ्यांदा मी सामान बांधलं असतं."

तर त्या गृहस्थाला आपले रिवाज ठाऊक नव्हते, म्हणून बाई इथे राहिल्या. आणखी चार कादंबऱ्या झाल्या, आणि त्यांत तुम्ही-आम्ही सगळे आहोत. एमिलसुद्धा शेवटच्या पुस्तकात आले. मनाने फार मोठे आहेत त्यात. ते वाचायला मात्र ते उरले नाहीत.

आणि आता बाई उबदार ॲरिझोनाला चालल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावर पडल्या, एकटं घर, दारातला बर्फ कोण उपसणार, ही कारणं खरी आहेत. भाची लोरेन तिथे असते. ती याच गावात वाढलेली, त्यामुळे तिने तीनदा विचारलं. आपलं काय? पोस्टाच्या दारात पामरसाहेब म्हणाले, "बाई, राहा की इथेच." बाई म्हणाल्या, "छे, म्हातारीची उस्तवार कोणाला?" पुढच्या रविवारी पास्टरसाहेबांनी विचारलं. "नको हो, तुम्हाला उगाच त्रास." आणि त्यानंतर आपण निरोप समारंभाची समिती नेमली.

कोणी तिसऱ्यांदा विचारलं? पामरसाहेब, खाली बघू नका. मीही विचारलं नाही. कारण सगळ्यांचं एकच आहे. पहिल्या दोन नकारांना आपल्याकडे अर्थ नसतो. तिसरं उत्तर खरं असतं, आणि तेही नको आलं तर काय, ही भीती. तोवर त्यांना राहायचं आहे, असं मानायला आपण मोकळे होतो.

महिला मंडळाने जेवण उत्तम केलं, पास्टरसाहेबांनी तळघर उबदार ठेवलं, आपण सर्वांनी घड्याळाकडे फक्त चोरून पाहिलं. आपले आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं सरपण उघड्यावर आलं असेल, तर तो माझ्या जिभेचा दोष समजून पोटात घालावं.

आता एकच. व्हर्नाबाईंची खालची खोली रिकामी आहे. शेगडी चालू आहे, खिडकीतून धान्याचं कोठार आणि रस्ता दिसतो, येणारा-जाणारा कळतो. पामरसाहेबांचं यंत्र दारातला बर्फ काढेल. मी काल दोघांना भेटलो. दोघेही आधी नको म्हणाले, मग हो म्हणाले.

बाई, राहा इथेच. हे तिसऱ्यांदा विचारतो आहे.

तुम्ही नाही म्हणालात तर सोमवारी मीच तुम्हाला स्टेशनवर पोचवीन. त्याची मला तेवढी काळजी नाही. काळजी एवढीच वाटते, की दोनदा विचारून आम्ही गप्प बसलो तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, आम्हाला तुम्ही जायलाच हव्या आहात.