उत्तरेच्या सहा खिडक्या

सॉफ्टवेअरला सगळं कळतं, असं मलाही वाटायचं. जामखेडकडच्या एका गावात बायकांसाठी शिवणकेंद्र बांधायचं होतं आणि आर्किटेक्ट होते मी. आठवडाभर लॅपटॉपवर ऊन-वारा तपासून उत्तरेला सहा मोठ्या खिडक्या काढल्या. दिवसा एकही दिवा लागणार नाही, असं छातीठोकपणे सांगितलं.

उद्घाटनानंतर महिन्याभरात सरपंच नानांचा फोन आला. "म्याडम, तुमचा कॉम्प्युटर खोटं बोलला. भर दुपारी लाईट लावावी लागती."

मी घाबरून गावात गेले. पाहते तर सहाही खिडक्या झाकून बाहेर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स.

"नाना, हा काढा ना."

"साहेबांचा फोटो हाय. काढायचा कुनी? तुमीच कॉम्प्युटरला दुसरा मार्ग इचारा."

म्हणजे मी सॉफ्टवेअरमध्ये सूर्य टाकला, वारा टाकला, फक्त साहेब टाकायचे राहिले.

आत सुईत दोरा ओवता ओवता वैतागलेल्या कमलबाई उठल्या. त्यांनी खिडकी उघडली आणि कात्रीनं समोरच्या फ्लेक्सचा खिडकीएवढा चौकोन कापून काढला. मशीनवर लख्ख उजेड पडला.

नाना बाहेर जाऊन बघून आले. हळूच म्हणाले, "साहेबांचे नुसते कान राहिलेत."

"मग ऐकू यील की आता त्यांना," कमलबाई म्हणाल्या आणि मशीन चालवायला लागल्या.